सण आणि सुट्टी : चिनी पंचांगाचा शंभर वर्षांचा तंटा

१ जानेवारी १९१२ रोजी नानजिंग येथे सुन यात-सेन यांनी चिनी प्रजासत्ताकाच्या हंगामी अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतली आणि लगोलग प्रांतोप्रांती तार गेली की यापुढे देशाचा कारभार सौर कालगणनेने चालेल. हाच दिवस नव्या राष्ट्राचा वर्षारंभ समजावा. जुन्या गणनेप्रमाणे तो अकराव्या महिन्याचा तेरावा दिवस होता. कोणाच्याही घरी वर्ष संपलेले नव्हते. सावकाराचे हिशेब व्हायचे होते, चूलदेवतेला निरोप द्यायचा होता, दारांवर लावायचे लाल कागद अजून लिहून व्हायचे होते. पुढे १२ फेब्रुवारीला मांचू बादशहाने सिंहासन सोडले आणि त्यानंतर सहाच दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, चिनी लोकांनी आपले नवे वर्ष नेहमीच्या दिवशी साजरे केले. दोन हजार वर्षांची राजेशाही गेली. वर्षारंभाची अमावास्या मात्र आपल्या जागी राहिली.

तेव्हापासून आजतागायत चीनमध्ये एक तंटा कधी उघडपणे, कधी आडून चालू आहे. वर्षातले कोणते दिवस विशेष मानायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा त्याचा विषय. सण लोक पाळतात, सुट्टी सरकार देते. या दोन गोष्टी एकाच दिवशी आल्या म्हणजे एकरूप होतात असे नाही. आम्हांला हा इतिहास साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे मांडावासा वाटतो, कारण सरकारी यादीतून एखादा दिवस वगळला गेला तेव्हा तो जेथे जेथे टिकून राहिला, त्या जागांत स्वयंपाकघर व स्मशान यांच्याबरोबर कविता, नाटक आणि कथा यांचाही समावेश होतो.

तिथी आणि तारीख

चिनी पंचांगाला सवयीने 'चांद्र' म्हटले जाते. वस्तुतः ते आपल्या पंचांगाप्रमाणेच चांद्र-सौर आहे. सूर्यचंद्राच्या युतीच्या दिवशी महिना सुरू होतो, पंधराव्या दिवसाच्या सुमारास पौर्णिमा येते आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून साधारणतः १९ वर्षांत ७ अधिक महिने घालावे लागतात. महाराष्ट्रातल्या अमान्त पद्धतीत वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी येणारा 'जोंगछ्यू', म्हणजे मध्य-शरदाचा सण, बहुधा आपल्या भाद्रपदी पौर्णिमेच्या आसपास पडतो. परंतु दोन्ही पंचांगांतले अधिक महिने नेहमी बरोबरीने येत नाहीत. २०२५ साली चिनी पंचांगात सहावा महिना अधिक आला, तर आपला अधिक मास त्या वर्षी नव्हता; त्यामुळे जोंगछ्यू ६ ऑक्टोबरला, नेमका कोजागरीच्या दिवशी आला. इकडे मसाल्याचे दूध आणि तिकडे सारण भरलेले गोल मूनकेक, असा काय तो फरक.

प्रमुख सणांत छिंगमिंग तेवढा निराळा आहे. चिनी ज्योतिषांनी सूर्याच्या वार्षिक भ्रमणाचे २४ भाग पाडले होते. त्यांपैकी एका भागाचा आरंभ म्हणजे छिंगमिंग. आपल्या मकरसंक्रांतीप्रमाणे तो तिथीवर अवलंबून नाही आणि दरसाल ४ किंवा ५ एप्रिलच्या आसपास येतो. त्या दिवशी लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, तण उपटतात, माती सारखी करतात, अन्न ठेवतात, कागदी नाणी जाळतात. तारखेने येणारा हा सण तारखेच्या राज्यात सुखाने नांदायला हवा होता. तसे झाले नाही, हे पुढे दिसेल.

बादशहाचे पंचांग

कालगणनेवर राज्याचा हक्क असणे ही चीनमध्ये विसाव्या शतकातली नवी गोष्ट नव्हे. नवे पंचांग प्रसृत करणे हा बादशहाचा विशेषाधिकार होता. मांडलिकाने ते स्वीकारणे म्हणजे अधिराज्य मान्य करणे. तांग राजवटीत इ. स. ८३५ मध्ये फंग सू नावाच्या अधिकाऱ्याने दरबाराकडे तक्रार केली की राजज्योतिषांनी नवे पंचांग सादर करण्यापूर्वीच खासगी छापाची पंचांगे बाजारात विकली जात आहेत, त्यांवर बंदी घालावी. मुद्रणाच्या इतिहासकारांना ही तक्रार मोलाची वाटते, कारण लाकडी ठशांनी केलेल्या छपाईचा तो एक जुना लेखी पुरावा आहे. आपल्या दृष्टीने तिचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. पंचांगाची गरज लोकांना इतकी होती की राजाज्ञेची वाट पाहण्याइतका त्यांना धीर नव्हता.

सुट्टी मात्र अधिकाऱ्यांपुरतीच होती. हान काळात दर पाचव्या दिवशी, तांग काळात दर दहाव्या दिवशी त्यांना स्नान व विश्रांतीसाठी रजा मिळे. नववर्ष आणि मकरसंक्रमणाचा दिवस यांना सात-सात दिवसांची. छिंग काळी वर्षअखेरीस कचेऱ्यांतले शिक्केच बांधून ठेवले जात आणि महिनाभर कामकाज जवळजवळ बंद राही. शेतकऱ्याला कोणी सुट्टी दिली नाही. त्याचे सण शेतीच्या खंडातून आणि गावच्या देवळातून आलेले होते.

राज्य सणाला विरोध करू शकते याचाही दाखला बराच जुना आहे. छिंगमिंगच्या लगत पूर्वी हान-शी, म्हणजे 'थंड अन्ना'चा, सण होता. जिन राज्याचा राजपुत्र चोंग-अर परागंदा असताना त्याच्याबरोबर हालअपेष्टा सोसलेला ज्ये झथ्वेई राज्यप्राप्तीनंतर बक्षीस न मागता आईसह डोंगरात निघून गेला. त्याला बाहेर काढण्यासाठी रान पेटवले गेले आणि दोघे त्यात जळाले, अशी कथा आहे. त्याच्या स्मरणार्थ चूल न पेटवता शिळे अन्न खायचे. उत्तरेकडच्या बिंगजौ भागात हा नेम कडक थंडीतही अनेक दिवस पाळला जाई आणि म्हातारी, अशक्त माणसे त्यात दगावत. तिसऱ्या शतकाच्या आरंभी छाओ छाओने त्यावर बंदी घातली. नेम पाळणाऱ्या घराच्या कर्त्याला सहा महिने सक्तमजुरी, जबाबदार कारकुनाला शंभर दिवस, आणि स्थानिक अधिकाऱ्याचा महिन्याचा पगार कापायचा, अशी शिक्षेची उतरंड त्याने ठरवली होती. छाओ छाओ स्वतः मोठा कवी होता. अडाणी लोकांचा द्वेष करणारा हुकूमशहा एवढेच त्याचे वर्णन करता येणार नाही. त्याचा हेतू चांगला होता. तरीही सण गेला नाही.

पाचशे वर्षांनी तांग बादशहा श्वानचोंग याने वेगळा मार्ग धरला. हान-शीच्या दिवशी थडग्यांवर जाण्याची चाल प्राचीन ग्रंथांत नाही हे ठाऊक असूनही, लोकांत ती रूढ झाली आहे म्हणून, इ. स. ७३२ मध्ये त्याने तिला राजमान्य विधींत स्थान दिले. पुढे अधिकाऱ्यांना हान-शी व छिंगमिंग मिळून चार दिवसांची रजा मिळू लागली आणि तीच आठव्या शतकाच्या अखेरीस सातांवर गेली. मोडता येत नाही ते मान्य करून आपल्या नावावर जमा करायचे, हा पायंडा तेथे पडला. विसाव्या शतकात छाओ छाओचा आणि श्वानचोंगचा, असे दोन्ही मार्ग पुन्हा पुन्हा चोखाळलेले दिसतात.

नाव बदलले, दिवस राहिला

१९१२ नंतर देशात दोन नवी वर्षे झाली. कचेऱ्या, शाळा आणि वर्तमानपत्रे १ जानेवारीला नवे वर्ष म्हणू लागली. बाकीचा देश आपल्या वेळेला. १९१४ च्या सुमारास युआन शिकाईच्या सरकारने तडजोड काढली. जुन्या वर्षारंभाला 'वसंताचा सण', पाचव्या महिन्यातल्या दुआनवूला 'ग्रीष्माचा', मध्य-शरदाला 'शरदाचा' आणि मकरसंक्रमणाला 'हेमंताचा' सण म्हणावे. 'नवे वर्ष' हे नाव १ जानेवारीसाठी राखून ठेवले गेले. चारांपैकी तीन नावे विरून गेली. 'छुनज्ये', वसंताचा सण, हे एकच टिकले आणि आज जगभर तेच वापरले जाते. ज्याला आपण प्राचीन सणाचे प्राचीन नाव समजतो, ते एका मंत्रालयाच्या टिपणीतून आलेले आहे.

छ्यांग काय-शेकच्या राष्ट्रवादी सरकारला ही तडजोड पुरेशी वाटली नाही. १९२८ ते १९३० या काळात जुनी पंचांगे छापण्या-विकण्यास मनाई झाली, जुन्या नववर्षाला दुकाने बंद ठेवू नयेत असे हुकूम निघाले. त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे जुने सण नव्या तारखांवर हलवण्याची योजना. पहिल्या महिन्याचा पंधरावा दिवस म्हणजे १५ जानेवारी, पाचव्याचा पाचवा म्हणजे ५ मे, आठव्याचा पंधरावा म्हणजे १५ ऑगस्ट. कागदावर हे सोपे होते. परंतु पहिला आणि तिसरा हे पौर्णिमेचे सण आहेत, आणि १५ ऑगस्टला पौर्णिमा असेलच याची हमी कोणत्याही मंत्रालयाला देता येत नाही. पोलिसांना दुकाने उघडायला लावता आली, लोकांना काळोख्या रात्री चंद्र पाहायला लावता आले नाही. १९३४ च्या आरंभी सरकारने माघार घेतली आणि सरकारी कचेऱ्या सोडून इतरत्र लोकरूढीत फारसा हस्तक्षेप करू नये असे ठरले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत लू शुन यांनी जुन्या नववर्षावर एक छोटा लेख लिहिला. इतकी वर्षे आपण हा सण पाळत नव्हतो, यंदा मात्र सलग तीन रात्री फटाके उडवले, असे त्यांनी त्यात सांगितले. परंपरेवर त्यांच्याइतका कठोर प्रहार त्या काळात दुसऱ्या कोणी केला नसेल; त्या लू शुनना फटाके उडवावेसे वाटले यात विसंगती काढण्याचे कारण नाही. त्यांनी परंपरेला विरोध केला तो ती माणसाला चिरडते म्हणून. सरकार सणाला विरोध करत होते ते तो आपल्या तक्त्यात बसत नाही म्हणून. दहा वर्षांपूर्वीची त्यांची 'नववर्षाचा नैवेद्य' ही कथा (१९२४) याची साक्ष देते. कथेचा प्रारंभच जुन्या वर्षाच्या अखेरीस, चूलदेवतेला निरोप देणाऱ्या फटाक्यांच्या आवाजात होतो. घरोघर नैवेद्याची तयारी चाललेली असते, आणि दोनदा विधवा झालेली, म्हणून नैवेद्याच्या भांड्यांना हात लावण्यास अपात्र ठरलेली श्यांगलिनची बायको त्याच रात्रींत रस्त्यावर मरून जाते. सणाची ऊब आणि सणाची क्रूरता या दोन्ही एकाच पानावर मांडणे कथालेखकाला साधते. राजपत्राला साधत नाही.

हिशेबाचे नाके

सण मोडत नव्हते त्याचे एक कारण श्रद्धेच्या पलीकडचे होते, आणि ते पैशाचे होते. जुन्या चीनमध्ये उधारी वर्षातून तीन वेळा चुकवायची असे : दुआनवूला, मध्य-शरदाला आणि सर्वांत मोठी वर्षअखेरीला. वर्षअखेरीला 'न्येनग्वान' असा शब्द आहे. 'ग्वान' म्हणजे खिंडीतले नाके, जेथे अडवून तपासणी होते. कर्जदाराला वर्षाचे हे नाके ओलांडावे लागे. एकदा नव्या वर्षाची पहाट झाली की वसुली थांबे, म्हणून शेवटच्या रात्री कर्जदार घराबाहेर दडून राहत. पंचांग बदलणे म्हणजे कोट्यवधी लोकांच्या देण्याघेण्याची मुदत बदलणे होते, आणि ते फर्मानाने होत नाही.

साहित्यात हे नाके सर्वांत ठळकपणे दिसते ते 'पांढऱ्या केसांची मुलगी' या संगीत नाटकात. १९४५ साली यान-आन येथे ते प्रथम रंगभूमीवर आले. सावकाराच्या भीतीने घराबाहेर राहिलेला यांग बायलाओ वर्षाच्या शेवटच्या दिवशी घरी परततो, मुलीसाठी लाल फीत आणि सणापुरते पीठ घेऊन. जमीनदार त्याला बोलावून कर्जापोटी मुलगी विकल्याच्या कागदावर अंगठा उमटवून घेतो, आणि त्याच रात्री यांग विष म्हणून खाराचे पाणी पिऊन जीव देतो. क्रांतिकारकांनी रचलेल्या या नाटकाने सणाला नावे ठेवली नाहीत. उलट, गरिबाला त्याचा सण मिळू दिला जात नाही हाच जमीनदाराचा सर्वांत मोठा अपराध म्हणून दाखवला. प्रेक्षक रडत ते लाल फितीच्या प्रसंगाला. सण ही अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढायची की गरिबाचा हक्क म्हणून त्याला परत द्यायची, हा प्रश्न साम्यवादी राजवटीला तिच्या जन्मापूर्वीच पडलेला होता.

कवीचा दिवस

पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी येणाऱ्या दुआनवूची कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. छू राज्याचा मंत्री आणि 'ली साओ'चा कवी छू युआन याला दरबारी कारस्थानांमुळे हद्दपार व्हावे लागले, इ. स. पूर्व २७८ मध्ये शत्रूने राजधानी जिंकली, तेव्हा त्याने मिलुओ नदीत उडी घेतली अशी परंपरा आहे. लोक होड्या घेऊन शोधायला धावले, माशांनी देह खाऊ नये म्हणून पाण्यात भात टाकला. म्हणून नागमुखी होड्यांच्या शर्यती आणि पानांत बांधून उकडलेल्या चिकट तांदळाचे 'त्सोंगझ'.

परंतु सणातले कितीतरी आचार या कथेत बसत नाहीत. दारावर उग्र वासाच्या दवण्यासारख्या वनस्पतीच्या जुड्या टांगायच्या, मुलांच्या मनगटाला पाच रंगांचे दोरे बांधायचे, मनशिळेची पूड घातलेली दारू शिंपडायची. ही सारी पाचव्या महिन्यातल्या रोगराईपासूनची संरक्षणे आहेत. सुजौच्या बाजूला हाच दिवस वू ज़शू या दुसऱ्या अन्यायग्रस्त मंत्र्याचा मानतात. वेन यीदुओ या कवी-अभ्यासकाने सणाचे मूळ दक्षिणेकडील नागपूजक जमातींच्या विधीत शोधले. म्हणजे विधी आधीचा आणि कवी मागाहून आलेला. आम्हांला यात कवीची अप्रतिष्ठा दिसत नाही. रोग हाकलण्याच्या दिवसाला लोकांनी एका हद्दपार कवीचे नाव दिले आणि ते दोन हजार वर्षे टिकवले, ही गोष्ट छू युआन खरोखरच त्या दिवशी बुडाला असता तर जेवढी मोठी ठरली असती त्याहून मोठी आहे.

या नावाचा उपयोग युद्धकाळात झाला. १९४१ मध्ये जपानी बाँबहल्ल्यांखाली असलेल्या चोंगछिंग शहरात लेखकांनी दुआनवू हा 'कवींचा दिवस' म्हणून घोषित केला. १९४२ मध्ये तेथेच ग्वो मोरुओ यांचे 'छू युआन' हे नाटक रंगले. जपान्यांविरुद्धच्या नाटकाला सरकारची हरकत असण्याचे कारण नव्हते. पण निष्ठावंताला हद्दपार करणारा दरबार म्हणजे कोणता, हे प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. वेन यीदुओ यांनी १९४५ मध्ये छू युआनला 'जनतेचा कवी' म्हटले, आणि १९४६ मध्ये कुनमिंग येथे राष्ट्रवादी सरकारच्या हस्तकांनी त्यांना गोळ्या घातल्या.

एका रात्रीची सुट्टी रद्द

१९४९ साली सत्तेवर आलेल्या साम्यवाद्यांनी कालगणना इसवी सनाचीच ठेवली. त्या वर्षी डिसेंबरमध्ये ठरलेल्या सुट्ट्या एकंदर सात दिवसांच्या होत्या : १ जानेवारीला एक, वसंताच्या सणाला तीन, कामगार दिनाला एक, राष्ट्रीय दिनाला दोन. सर्वांत लांब सुट्टी जुन्या नववर्षालाच होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. श्वानचोंगचा मार्ग तो हाच. छिंगमिंग, दुआनवू आणि मध्य-शरद यांना मात्र यादीत जागा मिळाली नाही. ब्रिटिश अंमलाखालच्या हाँगकाँगमध्ये या दिवसांना १९९७ पूर्वीच सार्वजनिक सुट्टी होती आणि क्रांती झालेल्या मुख्य भूमीवर नव्हती, असे विचित्र चित्र अनेक वर्षे राहिले.

सांस्कृतिक क्रांतीत छाओ छाओचा मार्ग पुन्हा आला. जानेवारी १९६७ च्या अखेरीस, सणाला दहाएक दिवस उरले असताना, यंदा वसंताच्या सणाची सुट्टी नाही असे राज्य परिषदेने जाहीर केले. त्यानंतरची वर्षे 'क्रांतिकारी वसंत-सणा'ची झाली. वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंत काम, पहिल्या दिवशी पुन्हा काम. पूर्वजांच्या पाट्या आणि चूलदेवतेची चित्रे जाळली गेली. जुन्या दुःखांची आठवण राहावी म्हणून कोंड्याचे जेवण. तरी घरोघर रात्री उशिरा उकडीचे ज्याओझ होतच राहिले. सुट्टी परत मिळाली ती १९७९-८० मध्ये.

एक छिंगमिंग

या काळातला सर्वांत मोठा सण मात्र नववर्ष नव्हते. ८ जानेवारी १९७६ रोजी पंतप्रधान चौ एन-लाय वारले. सार्वजनिक शोक आवरता घेण्याच्या सूचना वरून आल्या. त्या वर्षी छिंगमिंग ४ एप्रिलला, रविवारी आला. सुट्टीच्या यादीत हा सण नव्हता, थडग्यांवर जाणे जुनाट मानले जात होते. बेजिंगचे लोक तरीही मार्चच्या अखेरीपासून थ्येनआनमन चौकातल्या हुतात्मा-स्मारकाकडे पुष्पचक्रे घेऊन येऊ लागले. झुडपांच्या कुंपणावर कागदी पांढरी फुले बांधली गेली. आणि कविता आल्या. जुन्या छंदांतल्या, मुक्तछंदांतल्या, मृताला उद्देशून आणि जिवंत सत्ताधाऱ्यांवर रोखलेल्या. कोणी एक मोठ्याने वाची, बाकीचे वहीत उतरवून घेत. ४ तारखेच्या रात्री पुष्पचक्रे हलवली गेली, ५ एप्रिलला क्षोभ उसळला, चौक बळाने रिकामा केला गेला, दंग श्याओफिंग यांना ७ तारखेला पदच्युत केले गेले.

उतरवून घेतलेल्या कविता घरांत दडवून ठेवणे धोक्याचे होते. लोकांनी त्या ठेवल्या. बेजिंगमधील एका परदेशी भाषा संस्थेच्या अध्यापकांनी त्या गोळा केल्या आणि 'थुंग ह्वायजौ' या सामूहिक टोपणनावाने प्रसिद्ध केल्या. नाव माणसाचे दिसते. उच्चारले की 'एकत्रितपणे चौ यांचे स्मरण' असा अर्थ कानावर पडतो. नोव्हेंबर १९७८ मध्ये ती घटना क्रांतिकारी होती असा निर्वाळा पक्षाने दिला आणि वर्ष संपण्यापूर्वी संग्रह उघडपणे पुस्तकरूपात आला. साहित्याच्या अध्यापकांनी संपादनाचे काम याहून मोठ्या जोखमीवर क्वचितच केले असेल.

छिंगमिंगला सुट्टी नव्हती; म्हणूनच कदाचित त्याची सूत्रे कोणाच्या हाती नव्हती. मृताला फूल वाहणे हा आचार इतका जुना आणि इतका खासगी होता की त्याला थांबवायचे तर प्रत्येक माणसाला वेगळे थांबवावे लागले असते. सत्ताधाऱ्यांना या दिवसाचे सामर्थ्य अपरिचित होते असे मात्र नाही. १९३५ मध्ये राष्ट्रवादी सरकारने तो राष्ट्रीय थडगेस्मरण दिन ठरवला होता. ५ एप्रिल १९३७ रोजी पीत सम्राटाच्या समाधीवर राष्ट्रवादी आणि साम्यवादी असे दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी गेले, आणि साम्यवाद्यांच्या वतीने वाचलेले पद्यमय स्मरणपत्र माओ यांनी स्वतः लिहिले होते.

वारसा

१९९९ पासून सरकारने शनिवार-रविवार पुढेमागे सरकवून सलग सात दिवसांचे 'सुवर्ण सप्ताह' तयार केले. हेतू आर्थिक होता. आशियातील मंदीनंतर लोकांनी प्रवास करावा, खर्च करावा. जुन्या सणांची आठवण मात्र शेजाऱ्यामुळे झाली. दक्षिण कोरिया गांगनुंग येथील 'दानोजे' हा उत्सव युनेस्कोकडे पाठवणार, अशी बातमी २००४ मध्ये आली आणि 'आमचे दुआनवू चोरले जाते आहे' असा गदारोळ चीनमध्ये उठला. वास्तविक दानोजेत पर्वतदेवतांचे पूजन आणि मुखवट्यांचे नाट्य आहे. तेथे छू युआन नाही आणि होड्याही नाहीत. तिथी एक, सण दोन. २००५ मध्ये युनेस्कोने दानोजेला मान्यता दिली. या धक्क्याला एक चांगली बाजू होती. रेन्मिन विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष जी बाओछेंग यांनी २००४ मध्येच राष्ट्रीय जनसभेत पारंपरिक सणांना सुट्टी देण्याचा प्रस्ताव मांडला होता, लोकविद्येच्या अभ्यासकांनी त्यासाठी आग्रह धरला. डिसेंबर २००७ मध्ये नियम बदलले आणि २००८ पासून छिंगमिंग, दुआनवू व मध्य-शरद यांना प्रत्येकी एक दिवस मिळाला. त्यासाठी मे महिन्याचा सुवर्ण सप्ताह मोडला. २००९ मध्ये चीनचे दुआनवूही युनेस्कोच्या यादीत गेले.

पुढचा वाद अधिक बोलका आहे. २०१४ पासून वसंताच्या सणाची सुट्टी वर्षाच्या पहिल्या दिवसापासून मोजली जाऊ लागली आणि वर्षाची शेवटची रात्र, 'छूशी', यादीबाहेर गेली. कुटुंब एकत्र जेवते ती रात्र हीच. कायद्याच्या दृष्टीने नववर्षाचा दिवस दिला होता. लोकांच्या दृष्टीने सण वगळला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम पुन्हा बदलले, छूशी परत आली, कामगार दिनाचाही एक दिवस वाढला आणि २०२५ पासून वर्षाच्या सुट्ट्या १३ दिवसांच्या झाल्या. त्याच डिसेंबरमध्ये वसंताचा सणही युनेस्कोच्या वारसा-यादीत नोंदला गेला. १९३० मध्ये ज्याची पंचांगे जप्त होत होती तो दिवस आता राष्ट्राचे भूषण ठरला आहे.

हा लोकांचा विजय म्हणावा काय? बऱ्याच अंशी होय. शंभर वर्षे लोकांनी हट्ट सोडला नाही आणि अखेरीस राज्यालाच पंचांग दुरुस्त करावे लागले. परंतु श्वानचोंगच्या मार्गाची दुसरी बाजू विसरता येत नाही. जे मान्य केले जाते त्याचा अर्थ लावण्याचा अधिकारही हळूहळू मान्य करणाऱ्याकडे जातो. सुट्टी मिळालेल्या छिंगमिंगमध्ये पूर्वज आहेत, हुतात्मे आहेत; १९७६ चा चौक सरकारी स्मरणात फारसा नाही. दुआनवूचा छू युआन आता देशभक्त आहे; दरबाराला नकोसा झालेला कवी मागे पडला आहे.

४ एप्रिल २०२० रोजी, छिंगमिंगला, करोनाच्या साथीत गेलेल्यांसाठी चीनमध्ये राष्ट्रीय शोक पाळला गेला. सकाळी दहाला तीन मिनिटे देश स्तब्ध उभा राहिला, भोंगे वाजले. सरकारने हा दिवस निवडला हे योग्यच होते; दुसरा कोणता दिवस निवडणार? वूहानचे डॉक्टर ली वेनल्यांग यांना दोनच दिवस आधी हुतात्मा घोषित केले गेले होते. साथीचा इशारा दिल्याबद्दल जानेवारीत पोलिसांनी त्यांनाच समज दिली होती. ली यांच्या शेवटच्या वेइबो-नोंदीखाली लोक तत्पूर्वीच लिहू लागले होते, आणि नंतरही लिहीत राहिले : आज काय जेवलो, परीक्षा कशी गेली, थंडी पडली आहे. थडग्यावर जाऊन माणसे जे बोलतात तेच. त्या लेखनाला तिथी नाही, तारीख नाही आणि सुट्टीही नाही. छिंगमिंगचा मूळ आचार शोधायचा असेल तर तो आज या दोन्ही ठिकाणी पाहावा लागेल, आणि साहित्याच्या अभ्यासकाने दुसऱ्या ठिकाणाची नक्कल उतरवून ठेवावी, असे आम्हांला वाटते.